नात्यांचं अंतर मोजणारा गणिती

ॲडमिशनच्या दिवसांत आपल्या होस्टेलवर एक दृश्य हमखास दिसतं. ज्याला त्याला कागदपत्रांची घाई! जात पडताळणी, म्हणजे आपल्या भाषेत व्हॅलिडिटी. त्यासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, फेरफाराची नक्कल, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र असं सगळं गोळा करायचं. अनुसूचित जमातीच्या मुलांना १९५० पूर्वीचे पुरावे शोधावे लागतात, ओबीसींना १९६७ पूर्वीचे. मग शहापूर किंवा मुरबाडच्या तहसील कचेरीत चकरा सुरू होतात. ज्याचे आजोबा शाळेत गेले होते त्याचं काम लवकर होतं. पण ज्याचे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्याने काय दाखवायचं?

म्हणजे बघा, इच्छा असो वा नसो, आपल्यापैकी बहुतेकांनी स्वतःच्या घराण्याचं थोडंफार संशोधन केलेलं असतं. आता याच कामासाठी परदेशात, आणि हल्ली आपल्याकडेही, लोक डीएनए टेस्ट करतात. एका नळीत थुंकी भरायची, पार्सल पाठवायचं, आणि काही आठवड्यांनी रिपोर्ट येतो. त्या रिपोर्टमध्ये शब्दांचं नुसतं जंगल असतं : ऑटोसोमल, हॅप्लोग्रुप, मायटोकाँड्रियल, सेगमेंट आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द, सेंटीमॉर्गन.

हे सेंटीमॉर्गन नावाचं एकक ज्या अभ्यासातून आलं, त्या अभ्यासातल्या एका महत्त्वाच्या फॉर्म्युल्याला आपल्या माणसाचं नाव आहे. जगभर तो कोसंबी मॅपिंग फंक्शन म्हणून ओळखला जातो. कोसंबी म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. इतिहासवाले त्यांना इतिहासकार समजतात, संस्कृतवाले संस्कृतचे पंडित समजतात आणि आपण इंजिनिअरिंगवाले त्यांना बहुधा ओळखतच नाही. म्हणून हा लेख.

बापाचा मुलगा

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद दामोदर कोसंबी. मुलगा दामोदर धर्मानंद. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडची जुनी पद्धत. वंशावळ लिहिणाऱ्यांना ही पद्धत फार छळते, कारण दर दोन पिढ्यांनी तेच नाव परत येतं आणि कोणता दामोदर कोण, हे कळेनासं होतं.

वडीलही साधेसुधे नव्हते. गोव्यातल्या खेड्यात राहणाऱ्या या तरुणाला बुद्धाच्या चरित्राने वेड लावलं. १८९९ मध्ये ते ज्ञान मिळवायला घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश अशी भ्रमंती केली आणि पाली भाषेचे जगन्मान्य पंडित होऊन परतले. हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेला बोलावलं. १९१८ च्या खेपेला त्यांनी मोठी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेलं.

दामोदर केंब्रिज लॅटिन स्कूलमध्ये शिकला, बॉय स्काउट झाला. अमेरिकेतच त्याची ओळख नॉर्बर्ट वीनरशी झाली. होय, तेच ते कंट्रोल सिस्टिमवाले, सायबरनेटिक्सचे जनक. मधे तो भारतात येऊन राहिला, १९२६ मध्ये परत हार्वर्डला गेला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. तिथले मोठे गणिती बर्कहॉफ यांनी त्याला फक्त गणितावर लक्ष द्यायचा सल्ला दिला होता. पण या मुलाला सगळंच शिकायचं होतं. गणित, भौतिकशास्त्र, इतिहास आणि ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषा. हा स्वभाव पुढे त्यांना खूप काही देऊन गेला आणि बरंच काही घेऊनही गेला.

काशी, अलिगढ, पुणे

भारतात आल्यावर कोसंबी आधी बनारस हिंदू विद्यापीठात शिकवू लागले. १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्याच सुमारास ते अलिगढला गेले, कारण तिथे आंद्रे वेल हा फ्रेंच गणिती आला होता. तिथला एक किस्सा गंमतीशीर आहे. १९३१ मध्ये कोसंबींनी एक पेपर छापला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा उल्लेख केला. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता! पुढे वेल आणि त्याच्या मित्रांनी हेच नाव घेऊन फ्रान्समध्ये गणिताची अख्खी ग्रंथमाला लिहिली. बुर्बाकी हे काल्पनिक नाव गणितात सर्वप्रथम छापून आलं ते कोसंबींच्या या पेपरात.

मग पुणे. वडील जिथे पाली शिकवत होते, त्याच फर्ग्युसन कॉलेजात मुलगा गणित शिकवू लागला. एक तपाच्या आसपास त्यांनी तिथे काढलं. १९३४ मध्ये रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. १९४३ मध्ये त्यांनी एक पेपर लिहिला, ज्यात कोणताही रँडम सिग्नल सुट्या सुट्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तुकड्यांच्या बेरजेत कसा मांडता येतो हे दाखवलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांनो, हेच ते केएल एक्सपान्शन. के म्हणजे कारहुनेन, एल म्हणजे लोएव्ह. कोसंबींचा पेपर त्या दोघांच्याही आधीचा. आता काही पुस्तकांत कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असं लिहितात. सिलॅबसमध्ये मात्र आपला के अजून आलेला नाही.

नाण्यांची वंशावळ

स्टॅटिस्टिक्स शिकायचं तर एखादा खरा प्रॉब्लेम घ्यावा म्हणून कोसंबींनी जुनी नाणी हातात घेतली. तक्षशिलेला चांदीच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, फक्त ठोकलेल्या खुणा आहेत. मग कोणतं नाणं जुनं आणि कोणतं नवं, हे कसं ठरवणार?

कोसंबींचं उत्तर सोपं होतं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरेल तितकं वजन कमी. शिवाय सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, त्यामुळे एका जातीच्या नाण्यांत काळाबरोबर सरासरी वजन कमी होतं आणि वजनांतला फरक, म्हणजे व्हेरियन्स, वाढत जातो. नाण्याच्या मागच्या बाजूला तपासणीच्या बारीक खुणा असतात. ज्या नाण्यांवर अशा खुणा जास्त, ती सरासरीने हलकी भरली. याची खात्री करायला त्यांनी स्वतःच्या काळातली, बाजारात फिरणारी साधी नाणीसुद्धा तराजूवर घातली. १९४०-४१ च्या सुमारास हे काम छापून आलं.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या वस्तूवर काहीच लिहिलेलं नाही, तिच्या अंगावरच्या झिजेतून तिचा इतिहास वाचता येतो. डीएनए टेस्टमागची कल्पना याहून फार वेगळी नाही.

चार पानांचा पेपर

आता मुख्य मुद्दा. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या म्हणजे क्रोमोझोमच्या २३ जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. पण आपण जेव्हा पुढच्या पिढीला ते देतो तेव्हा जसंच्या तसं देत नाही. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांत तुकडे बदलतात. दोन रंगांच्या दोन माळा शेजारी ठेवून मधेच तोडायच्या आणि उलटसुलट जोडायच्या, तसं. याला रिकॉम्बिनेशन म्हणतात.

माळेतले दोन मणी अगदी शेजारी असतील तर त्यांच्या मधेच माळ तुटण्याची शक्यता कमी. लांब असतील तर जास्त. म्हणजे दोन गुण किती वेळा वेगळे झाले हे मोजलं की त्यांच्यातलं अंतर कळतं! ही युक्ती अमेरिकेत मॉर्गन यांच्या माश्यांच्या प्रयोगशाळेत निघाली. स्टर्टेव्हंट नावाचा मुलगा तेव्हा कॉलेजातच होता, आपल्याच वयाचा. १९११ मध्ये एका रात्री गृहपाठ बाजूला ठेवून त्याने जगातला पहिला गुणसूत्राचा नकाशा काढला. (आपण सबमिशनच्या आदल्या रात्री काय करतो, ते न बोललेलं बरं.) पुढे हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने मॉर्गनच्या नावावरून अंतराच्या एककाला सेंटीमॉर्गन असं नाव सुचवलं. शंभरात एकदा ताटातूट होत असेल तर अंतर साधारण एक सेंटीमॉर्गन. माणसात हे सरासरी दहा लाख डीएनए अक्षरांच्या आसपास येतं, पण ही फूटपट्टी अक्षरं मोजत नाही, ताटातुटीची शक्यता मोजते. त्यामुळे गुणसूत्राच्या एका भागात एक सेंटीमॉर्गन लांब असतो, दुसऱ्या भागात आखूड.

मग अडचण कुठे आली? समजा तुम्ही कल्याण स्टँडवर उभे आहात आणि लोक मोजताय. एखादा माणूस एसटीने मुरबाडला गेला आणि तुमची पाठ वळलेली असताना परतही आला. तुमच्या हिशेबात तो कल्याणमधून हललाच नाही. तसंच दोन मण्यांच्या मधे माळ दोनदा तुटली आणि दोनदा जोडली गेली, तर ते दोन मणी परत एकाच माळेत दिसतात. झालेले दोन बदल हिशेबातून गायब. म्हणून लांबच्या अंतरांसाठी मोजलेला आकडा नेहमी कमी येतो, आणि अंतर कितीही वाढलं तरी तो ५० टक्क्यांच्या वर जात नाही.

हाल्डेननी १९१९ मध्ये या चुकीसाठी एक फॉर्म्युला दिला. त्यात गृहीत होतं की माळ कुठेही तुटो, दुसऱ्या ठिकाणी तुटण्यावर त्याचा परिणाम नाही. पण प्रत्यक्षात परिणाम होतो. एका जागी तुटली की लगेच शेजारी दुसऱ्यांदा सहसा तुटत नाही. याला इंटरफेरन्स म्हणतात. १९४४ मध्ये कोसंबींनी लंडनच्या एका जर्नलमध्ये जेमतेम चार पानांचा पेपर लिहून हा इंटरफेरन्स हिशेबात घेतला : जवळ असताना तो जोरात, लांब जाल तसा कमी होत शून्याकडे.

फॉर्म्युला आपल्या ओळखीचा आहे. अंतराची दुप्पट करा, तिचा हायपरबोलिक टॅन्जंट घ्या आणि निम्मं करा, की ताटातुटीचं प्रमाण मिळतं (अंतर मॉर्गनमध्ये, म्हणजे १०० सेंटीमॉर्गनला एक). उलटं करून बघू. ताटातूट २० टक्के दिसली, तर हाल्डेनच्या हिशेबाने अंतर २५.५ सेंटीमॉर्गन येतं, कोसंबींच्या हिशेबाने २१.२. ताटातूट एकच टक्का असेल तर दोघांचंही उत्तर जवळपास एक. आणि २० टक्क्यांचे दोन तुकडे लागोपाठ जोडले तर टोकापासून टोकापर्यंत ४० टक्के नाही, कोसंबींच्या नियमाने ३४.५ टक्के मिळतात. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आइनस्टाइनचा वेगांच्या बेरजेचा नियम शिकलात ना? ताटातुटीच्या प्रमाणाची दुप्पट करून लिहा, हुबेहूब तोच नियम. तिथे प्रकाशाच्या वेगाची मर्यादा, इथे ५० टक्क्यांची.

लक्षात घ्या, साल १९४४ आहे. डीएनए हाच आनुवंशिकतेचा पदार्थ आहे हे एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं ते याच वर्षी. वॉटसन आणि क्रिक यांची दुहेरी सर्पिल रचना यायला अजून नऊ वर्षं होती. म्हणजे नकाशा आधी तयार होत होता आणि जमीन कशाची आहे ते नंतर कळलं! आजच्या टेस्ट कंपन्या संशोधकांनी बनवलेले तयार नकाशे वापरतात. पण भात, गहू अशा पिकांचे जनुकीय नकाशे करणारे लोक सॉफ्टवेअरमध्ये आजही दोन पर्यायांतून एक निवडतात : हाल्डेन की कोसंबी.

पोथ्यांच्या चुका

१९४५ मध्ये होमी भाभांनी नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबींना गणितासाठी बोलावलं. घर पुण्यातच राहिलं. अनेक वर्षं ते डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करत होते. आपण लोकल पकडतो त्या कल्याण स्टेशनातून ती गाडी जाते. १९४७ च्या जूनमध्ये वडील गेले. सेवाग्रामला धर्मानंदांनी अन्न सोडून शांतपणे देह ठेवला. १९४८-४९ मध्ये कोसंबी परत अमेरिकेला जाऊन आले. शिकागोत शिकवलं, प्रिन्स्टनला आइनस्टाइनना भेटले.

आणि या सगळ्या धावपळीत त्यांनी भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली, १९४८ मध्ये. तुम्ही म्हणाल, सेंटीमॉर्गन कुठे आणि भर्तृहरी कुठे? पण काम त्याच जातीचं होतं. देशभरातून शेकडो हस्तलिखितं जमवली. प्रत्येक पोथी कोणी तरी कोणाची तरी उतरवून घेतलेली. उतरवताना चुका होतात. समजा होस्टेलमध्ये असाइनमेंट फिरली आणि तीन जणांच्या वहीत एकच विचित्र चूक सापडली, तर सर लगेच ओळखतात की तिघांनी एकाच वहीतून कॉपी मारली. पोथ्यांचंही तेच. समान चुकांवरून पोथ्यांची घराणी लावता येतात आणि मूळ पाठाकडे जाता येतं.

डीएनएची कॉपी होतानाही अशीच क्वचित एखाद्या अक्षराची चूक होते. एका अक्षराच्या अशा फरकाला स्निप म्हणतात. ती चूक मग पुढच्या पिढ्यांत उतरत राहते. ज्यांच्यात त्याच त्या चुकांची मालिका सापडते ते एका जुन्या शाखेचे वारस. अशा शाखेला हॅप्लोग्रुप हे नाव आहे. शाखा हजारो वर्षांची असते, त्यामुळे हॅप्लोग्रुप सारखा आला म्हणून कोणी लगेच भाऊबंद ठरत नाही, हे ध्यानात ठेवा.

गोत्र, नाणेघाट आणि आईचं नाव

१९५० मध्ये कोसंबींनी ब्राह्मण गोत्रांच्या उगमावर लिहिलं. गोत्र म्हणजे एका ऋषीपासून आलेली सरळ रक्ताची रेघ, ही समजूत त्यांनी तपासायला घेतली. आर्यपूर्व लोकही वैदिक समाजात सामावले गेले आणि गोत्रांच्या यादीत त्याच्या खुणा आहेत, असं त्यांनी मांडलं. पुढे त्यांच्या सगळ्या इतिहासलेखनाचा हा कणाच झाला. टोळ्या समाजात मिसळतात, जाती बनतात, त्यांची दैवतं मोठ्या दैवतांच्या कुटुंबात जातात.

डीएनएच्या भाषेत सांगायचं तर वाय गुणसूत्र हे गोत्रासारखं चालतं. बापाकडून मुलाकडे, फक्त पुरुषांच्या रेघेत. मायटोकाँड्रियल डीएनए मात्र आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे जातो तो फक्त मुलीमार्फत. गोत्र दत्तक घेऊन बदलतं, वाय बदलत नाही. या दोन रेघा सोडून उरलेल्या २२ जोड्यांचा डीएनए सगळ्या पूर्वजांकडून मिसळून येतो, त्याला ऑटोसोमल म्हणतात. सेंटीमॉर्गनचा हिशेब मुख्यतः त्याचा.

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघालं की टोकावडे, मग वैशाखरे आणि तिथून नाणेघाटाची चढण. कोकणातली बंदरं आणि घाटावरचं जुन्नर यांना जोडणारी ही सातवाहनांच्या काळातली वाट. माथ्यावरच्या लेण्यात एका राजघराण्याचा फॅमिली फोटोच होता म्हणा ना! सिमुक सातवाहन, सातकर्णी, राणी नागनिका आणि घरच्या इतर मंडळींच्या मूर्ती तिथे कोरल्या होत्या. मूर्ती आता उरल्या नाहीत, वरची नावं मात्र ब्राह्मी लिपीत शिल्लक आहेत. शेजारच्या भिंतींवर यज्ञात दिलेल्या दानांचा मोठा लेख आहे, आकड्यांसकट. याच घराण्यातले पुढचे राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवून घेतात. म्हणजे सत्ता बापाची आणि नावात आईचं कूळ. जणू दोन्ही रेघा एकाच सहीत.

कोसंबींनी नाणेघाट आणि जुन्नरच्या या व्यापारी वाटेवर लिहिलं आहे. पण त्यांची नजर राजांच्या नावांवर थांबत नाही. ती वाट कोणी पाडली, ओझी कोणी वाहिली, जनावरं कोणी हाकली, हा त्यांचा प्रश्न. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर ते मैलोन् मैल पायी फिरले. बोटाच्या पेराएवढी दगडी हत्यारं वेचली. धनगरांच्या वाटा, शेंदूर लावलेल्या देवींची ठाणी, पंढरीच्या वारीचा मार्ग यांची सांगड घातली आणि दाखवलं की देवीची अनेक ठाणी जिथे अतिप्राचीन वाटा एकमेकींना मिळतात तिथे आहेत. आदिवासी, धनगर, शेतकरी यांच्याशी बोलून त्यांच्या चालीरीतींतून ते भूतकाळ वाचत. आपल्या तालुक्यांत राहणाऱ्या कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी लोकांचे पूर्वज शिलालेखांत नावानिशी सापडत नाहीत. म्हणून त्यांना इतिहास नाही, असं मानायला कोसंबी तयार नव्हते. भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं १९५६ चं पुस्तक, १९६२ चं मिथ अँड रिॲलिटी आणि १९६५ चं प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं पुस्तक या तिन्हींचा पाया हाच आहे.

शेवटची वर्षं

इथवर वाचून वाटेल की एवढ्या मोठ्या माणसाचं सगळं छान चाललं असेल. तसं नव्हतं. कोसंबी स्पष्टवक्ते होते, फटकळ होते. मार्क्सचे अभ्यासक होते, पण कोणत्याही पक्षाची री ओढणारे नव्हते. जागतिक शांतता चळवळीत त्यांनी काम केलं. अणुऊर्जेवर एवढा खर्च करण्याऐवजी भारताने सूर्याच्या ऊर्जेकडे बघावं, असं ते १९५० आणि ६० च्या दशकांत जाहीरपणे मांडत. आणि नोकरी कुठे? भाभांच्या संस्थेत! संबंध ताणले जाणारच.

त्यात १९५९ मध्ये त्यांनी रीमान हायपोथिसिस सोडवल्याचा दावा शेतीविषयक संख्याशास्त्राच्या एका जर्नलमध्ये छापला. हा गणितातला सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक. सिद्धता टिकली नाही आणि गणितातली त्यांची पत घसरली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. सतरा वर्षांनी डेक्कन क्वीनचा प्रवास थांबला. त्यानंतरचे काही पेपर त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने छापले. १९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञाचं पद दिलं. २९ जून १९६६ ला पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. एकोणसाठावा वाढदिवस महिन्याभरावर होता. धाकटी मुलगी मीरा कोसंबी पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झाल्या. २००८ मध्ये टपाल खात्याने कोसंबींवर तिकीट काढलं.

आपल्यासाठी काय?

उद्या तुमच्या हातात असा रिपोर्ट आला, तर कोसंबींच्या नजरेने तो कसा वाचाल? आई-वडिलांशी तुमचे साधारण ३,४०० ते ३,५०० सेंटीमॉर्गन जुळतात. सख्ख्या काकाच्या, आत्याच्या, मामाच्या किंवा मावशीच्या मुलाशी सरासरी आठशे-साडेआठशेच्या घरात, म्हणजे आठवा हिस्सा. इंग्रजीत सगळेच कझिन. सेंटीमॉर्गनही इंग्रजीच बोलतो, चुलतभाऊ आणि मावसभाऊ यांत त्याला फरक कळत नाही. आपली मराठी मात्र जास्त हुशार आहे. दोन मुलगे चुलतभाऊ असतील तर दोघांचं वाय एकच. मावसभावंडं असतील तर मायटोकाँड्रियल एकच. आणि मामेभाऊ-आतेभावाच्या जोडीत दोन्ही जुळत नाहीत. आजीने शिकवलेले नात्यांचे शब्द लावून पाहिले की डीएनएचं अर्धं कोडं तिथेच सुटतं.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लग्नं जातीतच होतात, काही समाजांत मामाच्या मुलीशीही होतात. त्यामुळे दोन माणसं एकाच वाटेने नाही, दहा लांबच्या वाटांनी एकमेकांची नातेवाईक असतात. बारीक तुकड्यांची बेरीज मोठी होते आणि रिपोर्ट लांबच्या माणसाला जवळचा ठरवतो. अशा वेळी एकूण बेरजेपेक्षा सगळ्यात लांब सेगमेंट किती आहे ते बघायचं, कारण लांब तुकडा अनेक पिढ्या न तुटता टिकत नाही. उलट बाजूही आहे. चौथ्या-पाचव्या पिढीतल्या खऱ्या नातेवाइकाशी एकही तुकडा जुळला नाही, असंही होतं. शून्य सेंटीमॉर्गन म्हणजे नातं नाही, असा अर्थ नाही.

तिसरी आणि महत्त्वाची. रिपोर्टमध्ये इतके टक्के अमुक प्रदेशाचे असं येतं, ते कंपनीकडे आज ज्यांचे नमुने आहेत त्यांच्याशी केलेली तुलना असते. त्यात जात लिहिलेली नसते, असूही शकत नाही. जात ही पेशीत नाही, समाजात घडलेली आहे. कोसंबींनी आयुष्यभर हेच दाखवलं. व्हॅलिडिटीच्या कमिटीपुढे कागदच लागतो. म्हणून घराण्याचा शोध घ्यायचा तर आधी गावच्या शाळेचं रजिस्टर, फेरफार, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि घरातली म्हातारी माणसं. टेस्ट नंतर. आणि ती करण्याआधी एवढा विचार करा की आपली थुंकी दिली की भावंडांची आणि आई-वडिलांचीही निम्मी माहिती आपण त्यांना न विचारता देऊन टाकतो.

आमच्या विंगमध्ये काही जणांकडे पाच पिढ्यांची छापील कुलवृत्तांताची पुस्तकं आहेत. काही जणांकडे आजोबांच्या नावापलीकडे काही नाही. पण गुणसूत्रांच्या २३ जोड्या दोघांकडे आहेत, आणि त्यांतली प्रत्येक तितक्याच पिढ्या चालत आली आहे. नाणेघाटात नाव कोरलेल्या राणीइतकाच, तिथून मिठाची ओझी वाहणारा माणूसही कोणाचा तरी पूर्वज होता. तो कोणाचा, हे सांगायला शिलालेख नाही. मुरबाडच्या स्टँडवरून वैशाखऱ्याची एसटी मिळते. एखाद्या रविवारी ती चढण चढून बघा आणि लेण्यातली नावं वाचून झाली की पायाखालच्या दगडी वाटेकडेही नीट बघा.